मांस धुरावण्यासाठी लाकूड कुठलं घ्यावं, कसं जमवावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मोकर, म्हणजे मांस धुरावायचं उपकरण, घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला: लाकूड कुठल्या झाडाचं घेऊ? माझ्या मते हा तिसरा प्रश्न. त्याआधीचे दोन कुणी विचारत नाही: ते नीट वाळलंय का, आणि आजवर ते कुठे पडून होतं? सफरचंदाच्या ओल्या लाकडापेक्षा साध्या ओकचं वाळकं लाकूड केव्हाही बरं. पण लोक ज्या क्रमानं विचारतात, त्याच क्रमानं जाऊ.

हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड, एवढंच ना?

नाही. फुलणाऱ्या, रुंद पानांच्या झाडांचं लाकूड ते हार्डवुड आणि शंकू धरणाऱ्या सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. ही वाटणी वनस्पतिशास्त्राची आहे, कुऱ्हाडीला किती जड जातं याची नव्हे. खेळण्यातली विमानं करतात ते बाल्सा नखानं दाबलं तरी खड्डा पडतो, पण ते हार्डवुड. यू नावाचं सूचिपर्णी झाड कितीतरी हार्डवुडांपेक्षा टणक, पण सॉफ्टवुड. पानांवरूनही फसायला होतं: सुरूच्या काड्या लांबून पाइनच्या सुयांसारख्या दिसतात, पण सुरू फुलझाडांतलंच. बांबू गवतात जमा आणि नारळ-ताड वेगळ्याच घराण्यातले, त्यांना या हिशेबात धरू नका.

पाइन, देवदार, फर का चालत नाहीत?

राळेमुळे. या लाकडांत टर्पिनं, म्हणजे राळेतली उग्र वासाची संयुगं, भरपूर असतात, ती जळताना काळी, चिकट काजळी धरते आणि मांसाला टर्पेंटाइनचा वास येतो. देवदाराच्या किंवा सीडरच्या फळीवर मासा भाजतात ते खरं, पण तिथे फळी भिजवून तव्यासारखी वापरतात, सरपण म्हणून जाळत नाहीत.

धुरात असं काय असतं की लाकूड बदललं की चव बदलते?

लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचं बनलेलं असतं: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. तापल्यावर ती वेगवेगळ्या वेळी फुटतात. आधी हेमिसेल्युलोज, साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, मग सेल्युलोज, आणि लिग्निन सगळ्यात चिवट, ते २८० च्या आसपास सुरू होऊन ५०० पर्यंत फुटत राहतं. पहिल्या दोघांतून येणाऱ्या कार्बोनिल संयुगांमुळे मांसाला तपकिरी-सोनेरी रंग चढतो आणि किंचित जळक्या साखरेचा गोडवा येतो. ज्याला आपण ‘धुराची चव’ म्हणतो ती लिग्निनची देणगी. त्यातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल निघतात. ढोबळ मानानं, जिभेवरचा धुरकटपणा ग्वायकॉलचा आणि नाकातला दरवळ सिरिंगॉलचा.

हार्डवुड आणि सॉफ्टवुडचा खरा फरक इथे आहे. सॉफ्टवुडच्या लिग्निनमधून जवळजवळ फक्त ग्वायकॉलच्या गटातली संयुगं मिळतात, हार्डवुडच्या लिग्निनमधून दोन्ही. म्हणजे राळ नसती, तरी पाइनचा धूर एकांगीच राहिला असता.

मात्र दोन हार्डवुडांतला फरक एवढा ठळक नसतो. चेरी आणि मेपलच्या धुरावर धुरावलेले दोन तुकडे डोळे मिटून ओळखणारे फार थोडे. मेस्किट आणि आल्डर मात्र कुणीही ओळखेल.

मग कुठल्या झाडाचा धूर कसा?

एकच लाकूड ठेवायचं असेल तर ओक. धूर मध्यम, निखारे टिकाऊ, कुठल्याही मांसावर चालतो आणि चुका पोटात घालतो. बारा-चौदा तास चालणाऱ्या मोठ्या तुकड्याला आच देत राहायची तर ओकसारखं भरवशाचं दुसरं नाही.

हिकरी त्याहून ठसठशीत. बेकन म्हटलं की जो वास आठवतो तो बहुतेकदा हिकरीचा असतो. लाकूड जड, घनमीटरला ८०० किलोच्या आसपास, त्यामुळे एक तुकडा बराच वेळ पुरतो, आणि म्हणूनच जास्त पडायचीही भीती. पेकन हिकरीचंच भावंड, दोघंही कॅर्या प्रजातीतली, पण पेकन स्वभावानं मऊ. हिकरी उग्र वाटली तर पेकनकडे वळा.

मेस्किट हा तिखट गडी. भरभरून पेटतं, आच जोरात देतं, धूर मातकट आणि उग्र. झटपट भाजायच्या लाल मांसावर मजा आणतं, पण सहा-सात तास नुसत्या मेस्किटवर धुरावलेलं मांस कडवट लागतं. लांबच्या कामाला त्याचे आधी निखारे करून घ्या आणि मग वापरा. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती मेस्किटची सख्खी बहीण. काटे असे की जाड चामड्याच्या हातमोज्याशिवाय फांदीला हात लावू नये.

फळझाडांत सफरचंद सौम्य आणि गोडसर, पण घाई करून चालत नाही, चव चढायला वेळ लागतो. चेरीचा धूरही सौम्यच, मात्र रंग असा देते की कोंबडीची कातडी शिसवी लाकडासारखी दिसते. नुसत्या रंगासाठी मी ओकमध्ये एक तुकडा चेरीचा टाकतो. मेपल गोडसर, बीच साधं-सरळ. आल्डर हलकं, घनमीटरला जेमतेम ४५० किलो, आणि धूरही तसाच हलका. मासे आणि कोंबडीपुरतं उत्तम, मोठ्या लाल मांसावर मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. अक्रोडाचा धूर कडवट, ते एकटं जाळूच नका.

पेरू, संत्रं, तुती, आंबा यांचं लाकूड?

पेरू चांगला. लाकूड घट्ट, धूर गोडसर, सफरचंदापेक्षा किंचित वजनदार. संत्र्या-लिंबाचा धूर हलका, कोंबडी-माशाला शोभतो. फळाचा वास मात्र लाकडात शोधू नका, तो सालीतल्या तेलात असतो. तुती सफरचंदाच्या जवळची.

आंब्याचं लाकूड बरेच जण वापरतात. मी जपून म्हणेन. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि विषारी आयव्हीही त्याच कुळातली. आंब्याच्या चिकानं ज्यांच्या ओठांवर फोड येतात त्यांनी त्याच्या धुरापासून लांबच राहावं. इतरांनी वापरायचंच तर साल काढून, पूर्ण वाळवून. काजूचं आणि बिब्ब्याचं लाकूड कुणीच वापरू नये.

कुठलं लाकूड अजिबात नको?

झाड म्हणून नको: कण्हेर (पूर्ण झाड विषारी, फांदीवर मांस भाजणंही धोक्याचं), यू, लॅबर्नम, निलगिरी (तेलाचा औषधी वास काही केल्या जात नाही), आणि ज्याचं नाव खात्रीनं सांगता येत नाही असं कुठलंही झाड. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पानं झडलेली, साल सोललेली फांदी ओळखणं जाणत्यालाही कठीण जातं. म्हणून झाड उभं असताना, पानं-फळं असताना ओळखून ठेवा.

इतिहासामुळे नको अशांची यादी त्याहून लांब. रंग किंवा वॉर्निश लावलेलं लाकूड. प्लायवूड आणि दाबून केलेल्या फळ्या, कारण त्यात डिंक असतो आणि बहुतेकदा त्या डिंकात फॉर्माल्डिहाइड. जुन्या कुंपणाचे, गच्चीचे हिरवट छटेचे खांब तर नकोतच. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं असं लाकूड वर्षानुवर्षं विकलं गेलं, आणि ते जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं. समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेले ओंडके दिसायला सुंदर, पण त्यांच्यात मीठ मुरलेलं असतं, आणि मिठातल्या क्लोरिनमुळे जळताना डायॉक्सिनसारखी घातक संयुगं तयार होऊ शकतात.

मालाच्या पॅलेटच्या फळ्या फुकट मिळतात. त्या?

त्यांच्यावर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबी तर नकोच. पण एचटीचा शिक्का फळीवर काय प्रक्रिया झाली एवढंच सांगतो, तिच्यावर नंतर काय काय सांडलं ते नाही. शिवाय बहुतेक पॅलेट पाइनचे. माझं उत्तर नाही असंच आहे.

लाकूड जमवायचं कुठून?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे फळबाग, छाटणीच्या दिवसांत. बागवाल्याला छाटलेल्या फांद्यांची विल्हेवाट लावायचीच असते. एक प्रश्न मात्र चुकवू नका: शेवटची फवारणी कशाची आणि कधी? गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सफरचंदाच्या बागांवर लेड आर्सेनेट हे शिसं आणि आर्सेनिक असलेलं कीटकनाशक सर्रास फवारलं जाई आणि जुन्या बागांच्या मातीत त्याचे अंश अजून टिकून आहेत. म्हणून मुळं आणि मातीनं माखलेले बुंधे मी कधीच घेत नाही, मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड वरच्या फांद्याच घेतो.

वादळानंतर पडलेली झाडं ही दुसरी जागा. पडलेलं झाड बेवारस नसतं, जमिनीच्या मालकाला विचारा. सार्वजनिक जागेतलं किंवा जंगलातलं असेल तर तिथल्या खात्याची परवानगी लागते, वाळकी काटकी उचलायलासुद्धा. आणि मेलेलं झाड म्हणजे वाळलेलं झाड असं समजू नका. उभं वाळलेलं बरेचदा खरंच कोरडं असतं, पण जमिनीला टेकून पडलेलं झाड खालून पाणी ओढत राहतं आणि आतून भुसभुशीत होतं.

सुतारकामातली उरलेली तुकडे-ढलप्याही चालतात, मात्र सुतारानं ‘हे नुसतं लाकूड आहे, काही लावलेलं नाही’ असं स्वतः सांगितलं तरच. करवतीखालचा भुसा घेताना विशेष जपा, त्यात प्लायवूडचा भुसा मिसळलेला असतोच असतो.

लांबून गाडीत भरून आणलं तर काय बिघडतं?

लाकडाबरोबर खोडकिडाही प्रवास करतो. अॅश झाडाला पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, आणि तिथून पुढे त्यानं अमेरिकेतली कोट्यवधी झाडं मारली. भुंगा स्वतः फार लांब उडत नाही, सरपणानं त्याला नवनव्या गावी पोचवलं. जिथलं लाकूड तिथेच जाळावं हे उत्तम. दूरचं हवंच असेल तर भट्टीत वाळवलेलं घ्या.

ओलं लाकूड जास्त धूर देतं, मग ते चांगलं नाही का?

धूर जास्त देतं, चव नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात कित्येकदा निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. उकळीला आलेल्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता जाते. ही उष्णता निखाऱ्यांतूनच ओढली जाते, आच मंदावते आणि अर्धवट जळलेला पांढरा, दाट धूर सुटतो.

माझ्या पहिल्या कोंबडीची हकीकत हीच. आठवड्यापूर्वी छाटलेल्या चेरीच्या फांद्या होत्या आणि ढगासारखा धूर बघून मी खूश होतो. तीन तासांनी झाकण उघडलं तर कातडी काळी आणि बोटाला चिकटणारी. पहिल्या घासाला जीभ बधिर, दुसऱ्याला डांबराची चव. कुत्र्यानंही वास घेऊन तोंड फिरवलं.

लाकूड वाळलंय हे ओळखायचं कसं?

दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणीत वाजतं, ओलं ‘भद्द’ असा आवाज करतं. साल सहज सुटत असेल, रंग फिका पडला असेल, उचलताना ‘अरे, हलकं झालं’ असं वाटत असेल, तर बरं चाललंय.

टोकांच्या भेगांवर मात्र विसंबू नका. लाकूड बाजूंपेक्षा टोकांकडून कितीतरी पट वेगानं वाळतं, कारण पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या असतात. टोकाला तारा उमटला तरी मध्यभाग ओला असू शकतो. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर तुकडा फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर सुया टोचा. बाहेरून मोजलंत तर यंत्र तुम्हाला खूश करेल, एवढंच.

यंत्र नसेल तर ओव्हन आणि स्वयंपाकघरातला काटा पुरे. आतल्या भागाच्या ढलप्या काढा, समजा १०० ग्रॅम. शंभर-एकशे पाच अंशांवर ठेवून दर तासाला वजन करा. वजन उतरायचं थांबलं आणि काटा ८५ वर आला, म्हणजे १५ ग्रॅम पाणी होतं. कोरड्या ८५ ग्रॅमच्या मानानं ते जवळपास १८ टक्के. धुरावायला १५ ते २० टक्के हा पट्टा उत्तम. पंचवीसच्या वर असेल तर परत रचून ठेवा. भट्टीत वाळवलेलं लाकूड दहा टक्क्यांच्या आसपास असतं, ते चालतं, पण भसकन पेटतं, त्यामुळे हवा थोडी कमी सोडावी लागते.

वाळायला किती दिवस लागतात?

आधी फोडा, मग दिवस मोजा. अख्खा ओंडका सालीच्या आत वर्षानुवर्षं ओला राहतो. मनगटाएवढ्या फाट्या केल्या तर फळझाडांना सहा महिने ते एक वर्ष, ओकला एक ते दोन वर्षं. हवा दमट असेल तर त्याहून जास्त.

रचताना खाली दोन वासे किंवा विटा, म्हणजे जमिनीचा ओलावा लागत नाही. वरून झाकण, पण बाजू उघड्या. ताडपत्रीत सगळीकडून गुंडाळलेलं लाकूड वाळत नाही, ते बुरशीचं शेत होतं. ऊन लागलं तर छानच, पण खरं काम वारा करतो. प्रत्येक रासेवर झाडाचं नाव आणि फोडल्याची तारीख खडूनं लिहा. वर्षभरानं पेरू आणि सफरचंदाच्या करड्या पडलेल्या फाट्यांत तुम्हालाच फरक सांगता येणार नाही.

साल काढायची का?

सैल असेल तर काढा. सालीत राख जास्त, माती-किडे अडकलेले. घट्ट असेल तर तेवढ्यासाठी अर्धा दिवस घालवू नका, लहान फांद्यांची तर मुळीच नको. यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला चवीत फरक कळलेला नाही.

बुरशी किंवा कीड लागलेलं?

भोकं पाडणारे किडे गेलेले असतील आणि लाकूड टणक असेल तर चालतं. वरवर पांढरा-हिरवा थर असेल तर मी ते फेकतो, घासूनपुसून वाचवायच्या भानगडीत पडत नाही. बोटानं दाबल्यावर भुगा होत असेल तर ते कुजलेलं लाकूड, त्यातली चव कधीच गेली.

ढलप्या भिजवाव्यात का?

नको. रात्रभर भिजवलेली ढलपी फोडून बघा, आत कोरडीच सापडेल. पाणी वरच्या पातळ थरातच मुरतं. निखाऱ्यावर टाकल्यावर आधी ते उडून जातं, तोवर जे दिसतं ती वाफ, धूर नव्हे. ढलप्या लवकर जळून जातात अशी तक्रार असेल तर मोठे तुकडे वापरा.

भुसा, ढलप्या, तुकडे, फाट्या: कशात काय?

गॅसवर किंवा विजेच्या स्मोकरमध्ये ढलप्या, गार धुरीला (म्हणजे मांस न शिजवता नुसता धूर द्यायचा तेव्हा) भुसा, कोळशावर मुठीएवढे तुकडे. लाकडाच्याच आचेवर चालणाऱ्या मोठ्या स्मोकरमध्ये ३० ते ४० सेंटिमीटर लांबीच्या फाट्या.

कोळशावर किती तुकडे हाही नेहमीचा प्रश्न. दोन-तीनपासून सुरुवात करा. धूर पहिल्या काही तासांत, मांस थंड आणि ओलसर असताना, चांगला धरतो. पृष्ठभाग कोरडा पडून खरपुडी धरली की शेवटच्या तासांत नवीन लाकूड टाकून फारसं काही हाती लागत नाही. कमी पडलेली चव पुढच्या वेळी वाढवता येते. जास्त पडलेली खावी लागते.

धूर चांगला पडतोय हे कसं कळावं?

धुराड्याकडे बघा. पातळ, निळसर, मागचं झाड दिसेल असा धूर हवा. कधीकधी तो दिसतही नाही, नुसता वास येतो, तेही चालतं. पांढरा, दाट, लोळांनी येणारा दिसला तर हवा कमी पडतेय किंवा लाकूड ओलं आहे. हवेची झडप उघडा, पुढची फाटी विस्तवाच्या पेटीवर ठेवून आधी गरम करा, म्हणजे टाकल्याबरोबर पेट घेते. विस्तव धुमसत ठेवून धूर काढण्यापेक्षा लहान पण जिवंत ज्योत ठेवणं बरं.

मांसाच्या आतली गुलाबी कड कुठल्या लाकडानं चांगली येते?

झाडाशी तिचा संबंध नाही. जळणातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, धरतात आणि तो गुलाबी रंग पक्का होतो. आतलं तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं की मायोग्लोबिन बदलतं आणि कड वाढायची थांबते. थंड मांस ठेवलं तर कड जास्त आत जाते. तिला चव नसते, फोटोत मात्र छान येते.

धुरावलेलं मांस तब्येतीला किती वाईट?

विस्तव फार भडकला, किंवा चरबी थेट ज्योतीवर ठिबकली, की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं वाढतात. युरोपीय संघानं २०१४ पासून धुरावलेल्या मांसात बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली आहे. घरी काय करायचं, तर ज्योत मांसापासून लांब ठेवायची, ठिबकणाऱ्या चरबीखाली ताट ठेवायचं, काजळी साचू द्यायची नाही, आणि रोज खायचं नाही.

आणि स्मोकर घरात, गॅरेजमध्ये, बंद पडवीत लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाच-सहा वर्षं जुनं, कोरडं ठणठणीत लाकूड सापडलंय. वापरू?

कोरड्या जागी असेल तर वापरा. फार जुन्या लाकडाचा वास उतरलेला असतो, त्यामुळे ते आचेसाठी घ्या आणि चवीसाठी त्यात एखादा नवा तुकडा टाका. आधी एक फाटी फोडून नाकाला लावा, मग तिची एक ढलपी उघड्यावर जाळून वास घ्या. खमंग वाटला तर मांस ठेवा. नाक मुरडलंत तर शेकोटी करा.